फाईलमध्ये नसलेला पाळणा

गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४

घरात दुसरं कुणी नसलं की माणूस भांड्यांशी बोलायला लागतो. आज कुकरला शिव्या घालताना मी स्वतःलाच पकडलं आणि ठरवलं, त्यापेक्षा लिहिलेलं बरं. वही स्वरूपाची आहे, दहावीच्या विज्ञानाची. मागची बरीच पानं कोरी आहेत, म्हणून मागून सुरुवात करतोय.

जूनपासून सावित्री आणि स्वरूपा लातूरला आहेत. पोरीचे नीटचे क्लास. आमच्या अहमदपूरकडच्या ज्याला त्याला लेकरू डॉक्टर करायचंय. लेकरं लातूरला, त्यांच्या आया खोली भाड्याने घेऊन त्यांच्यामागे, आणि बाप जिथे नोकरी असेल तिथे. दोन वर्षं. याला आमच्यात कुणी दुःख म्हणत नाही, नियोजन म्हणतात. हे नियोजन माझंच. स्वरूपा तेव्हा "बरं" म्हणाली होती.

चाकणला आमच्या कंपनीला सुट्टी गुरुवारी, त्यांच्या क्लासला रविवारी. त्या मोकळ्या असतात तेव्हा मी प्रेसवर, पत्रा दाबायच्या मशीनवर, आणि मी संत तुकाराम नगरातल्या या दोन खोल्यांत लोळत असतो तेव्हा त्या कामात. सहा महिन्यांत एकदाही गाठ बसलेली नाही, दिवाळीचे चार दिवस सोडले तर.

कुकरचं राहिलंच. त्याची शिट्टी बिघडलीय. डाळ दोनदा करपली. नवी शिट्टी आणली, तीही तसलीच मुकी. आज सावित्रीशी फोनवर बोलत होतो तर मधेच म्हणाली, "अहो, आधी कुकर बंद करा की. चार झाल्या." बंद केला, तर वरण अगदी बरोबर शिजलेलं. सव्वातीनशे किलोमीटरवरून! वीस वर्षं चूल सांभाळलेल्या बाईचा अंदाज असा असतो.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

वही चुकून पुढून उघडली गेली. स्वरूपाचं अक्षर. 'प्रदर्शनासाठी प्रकल्प : नसलेला सूर.'

तिने लिहिलंय, सेकंदाला दोनशे, तीनशे आणि चारशे कंपनं असलेले तीन सूर एकदम वाजवले, तर माणसाचा कान शंभरचा सूर ऐकतो. शंभर कुठेच वाजत नसतो. वरचे तिघं ज्या हिशोबात आहेत त्यावरून मेंदू खालचा स्वतःच भरून काढतो. छोट्या स्पीकरमधून ढोलाचा घुमारा ऐकू येतो तो असाच, त्या स्पीकरची तेवढी ताकदच नसते.

शाळेच्या प्रदर्शनात या प्रकल्पाला दुसरा नंबर मिळाला होता. मी ओव्हरटाइमला होतो, बघायला गेलो नाही.

तिचा लॅपटॉप इथेच आहे. अभ्यासात लुडबूड नको म्हणून मीच ठेवून घेतला. उघडला. आकडा टाकला की तेवढ्याचा सूर काढून देणारं एक सॉफ्टवेअर तिने घालून ठेवलंय. अर्धा तास झटापट केली. दोनशे एकटा वाजवला, पुंगीसारखा. तीनशे, चारशे, तेही तसेच. तिघं एकदम लावले आणि खोलीत कुणीतरी पेटीचा खालचा सा धरला. पेटी कपाटावर, गवसणीत. मी उठून बघून आलो, खोटं कशाला सांगू.

मग पंधरा-वीस वेळा लावला. घरात कुणीतरी आहे असं वाटत होतं. कुणीही चाललं असतं.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

एक कल्पना डोक्यात घुसलीय, निघता निघत नाही.

स्वरूपा तान्ही असताना सावित्री एक पाळणा गुणगुणायची. शब्द तिलाही आठवत नाहीत, आजीकडून फक्त चाल आलेली. बावीस सुरांची. पुढे स्वरूपा मोठी झाली तरी तापाबिपात तीच चाल चालायची. तो पाळणा मी असा बनवणार की फाईलमध्ये त्याचा एकही सूर नसेल. प्रत्येक सुराच्या जागी फक्त त्याच्या वरचे दुप्पट, तिप्पट, चौपट. चाल कुठेच नाही, आणि ऐकणाऱ्याच्या कानात मात्र अख्खी.

नऊ जानेवारीला तिचा सतरावा वाढदिवस आहे, आणि गुरुवार आहे. फोनवर पाठवायची. काय आहे ते सांगायचं नाही. तिने आपणहून ओळखली पाहिजे. ओळखली तर मी म्हणेन की आमच्या दोघांत अजून काहीतरी आहे. नाही ओळखली, तर मी सहा महिने भिंतीशीच बोलत होतो असं समजायचं. वेडेपणा आहे, कळतंय. पण हल्ली फोनवर ती जे बोलते ते एका श्वासात संपतं. जेवलात का, शिफ्ट कोणती, बरं चाललंय, आईला देते.

गुरुवार, ५ डिसेंबर

पेटी खाली काढली. चाल पेटीवर बसवायची, मग प्रत्येक सुराचा आकडा काढायचा, मग त्याच्या पटी. आज सात सूर झाले. मान धरलीय.

कंपनीत नोटीस लागली, जानेवारीत कानांची तपासणी. दरवर्षी एक गाडी येते, तिच्यात काचेची खोली असते. हेडफोन लावून बसायचं, सूर ऐकू आला की बटण दाबायचं. आता ते सूर इतके बारीक असतात की ते माणसाला ऐकू येतच नाहीत, असं आमच्या अख्ख्या प्रेस शॉपचं मत आहे. तो एक सरकारी उपचार आहे. पण नापास झालं तर प्रेसवरून काढून स्टोअरला पाठवतात, आणि मग जन्मभर 'बहिऱ्या' म्हणतात. म्हणून आमच्यात शिकवणी चालते. समोर बसलेला माणूस मशीनची कळ दाबतो तेव्हा त्याचा उजवा खांदा जरासा हलतो. खांदा हलला की बटण. मला हे चऱ्होलीच्या किसनने शिकवलं, पहिल्याच वर्षी. आमचे प्रेस शेजारी-शेजारी आहेत. मी पुढे नव्या लोकांना शिकवलं. एकोणीस वर्षं मी पैकीच्या पैकी पास आहे.

सोमवार, ९ डिसेंबर

स्वरूपाने आज विचारलं, "पप्पा, माझा लॅपटॉप चालतो का अजून?"

मी म्हणालो, "बॅटरी फुगलीय. अभ्यासाकडे लक्ष दे."

गुपित राखायचं म्हणून बोललो. ती आईला देते म्हणाली.

गुरुवार, १९ डिसेंबर

बावीसही सूर झाले, पण चाल अशक्त वाटते, आजारी माणसाने गुणगुणल्यासारखी. वही पुन्हा बघितली. तिने खाली रेघ मारून लिहिलंय : 'वरचे सूर जितके जास्त, तितका नसलेला सूर पक्का.' म्हणजे दुप्पट-तिप्पटवर थांबलो हीच चूक. आज पाचपट, दहापट करत थेट तीसपटीपर्यंत गेलो. दहा-बारापटीपर्यंत फरक पडला, छान पडला. त्याच्या वरचे टाकले तर काडीचा फरक नाही. घातले काय, काढले काय. मग त्यांचा आवाज वाढवला. तरी नाही. आणखी वाढवला. पडद्यावरच्या पट्ट्या लाल झाल्या तेव्हा कुठे वरून बारीक धार आल्यासारखी वाटली. आता खरं तेज आलं चालीला.

खालच्या मजल्यावरची पुनम जिना चढून आली. तिचं बाळ पाच महिन्यांचं. "काका, तुमच्याकडे ड्रिल चालू आहे का?"

मी म्हणालो, "नाही गं, पाळणा आहे."

ती माझ्याकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "बाळ झोपत नाही हो." दात येत असतील, दुसरं काय. मी तिला तसं सांगितलं.

शनिवार, २८ डिसेंबर

कंपनीच्या बसमध्ये किसनला ऐकवला, फोनच्या स्पीकरवर. त्याने डोळे मिटून पूर्ण ऐकला.

"उद्धवराव, बाई गुणगुणतीया जनू. लय झ्याक."

"यात ती चाल नाहीच आहे किसन. कुठेच नाही."

"न्हाई तर न्हाई. मला आली की ऐकू."

मला गळ्यात पडावंसं वाटलं त्याच्या. तेवढ्यात मागून दोन ट्रेनी पोरं ओरडली, "काका, बंद करा ना ते!" एकाने तर कानात बोटं घातली. ड्रायव्हरनेही वळून बघितलं. या पिढीला संगीताचं अंगच नाही.

गुरुवार, ९ जानेवारी २०२५

सकाळी आठला पाठवला. खाली लिहिलं, 'वाढदिवसाचं. ओळख बघू.' दोन निळ्या खुणा आठ वाजून चार मिनिटांनी आल्या. मग काही नाही.

नऊ वाजले, दहा वाजले. म्हटलं क्लासला गेली असेल. दुपारी भात खाल्ला, भाजी करायचा कंटाळा आला. दर पाच मिनिटांनी फोन बघत होतो. माझं वय सत्तेचाळीस आहे, हे इथे नोंदवून ठेवतो. चारला सावित्रीला फोन केला तर ती उखडलेली. "दुपारी क्लासला गेलीच नाही बगा ती. मैत्रिणीच्या रूमवर जाऊन बसली. वाढदिवस म्हणून काय झालं, उद्या टेस्ट हाय." मलाही राग आला. एवढा जीव ओतून पाठवलेलं ऐकायला वेळ नाही, आणि मैत्रिणीकडे जायला आहे.

सात वाजता तिचा फोन आला.

"पप्पा, आईचा पाळणा आहे."

मी फोन या कानाचा त्या कानाला लावला.

"पप्पा?"

"कसा ओळखलास?"

"ओळखला," ती म्हणाली. आवाज बसल्यासारखा होता तिचा. थंडी असेल तिकडे. मी तिला वाफ घे म्हणालो आणि दुपारच्या क्लासबद्दल बोललो नाही. आजच्या दिवस माफ.

किती महिन्यांनी पोटभर जेवलो.

शुक्रवार, १७ जानेवारी

सावित्री म्हणते पोरगी जेवत नाही नीट, गप्प असते. मी म्हणालो, टेस्टांचं टेन्शन. सगळ्यांच्याच पोरांना असतं. मी आता तिच्यासाठी दुसरी एक चाल करायला घेतलीय.

सोमवार, २० जानेवारी

तपासणीची गाडी आली. या वेळी नवी गाडी, आणि माणसाच्या जागी एक मुलगी, हर्षाली नावाची. खुर्ची भिंतीकडे तोंड करून. समोर पांढरा पत्रा, बाकी काही नाही. खांदा दिसायचा प्रश्नच नव्हता.

म्हटलं, बघू. हेडफोन लावून बसलो. सुरुवातीला काही सूर आले, खालचे, ढोबळ. दाबलं बटण. मला आनंदच झाला, ऐकू येतात की! मग मशीन थांबलं. मी वाट बघत बसलो. बराच वेळ काहीच नाही. पत्र्यावरचे स्क्रू मोजले, चौदा होते. म्हटलं पोरगी जेवायला गेली की काय.

दार उघडून तीच आत आली. "काका, पुढचे का नाही दाबले?"

"सुरू झाले का पुढचे?"

"संपले," ती म्हणाली.

तिने पुन्हा केलं, माझ्या म्हणण्यावरून. मग कागद दाखवला. रेघ डावीकडून नीट सपाट येते आणि मधल्यानंतर एकदम खाली पडते, विहिरीच्या काठावरून पाय घसरल्यासारखी. दोन्ही कान सारखेच. ती मुलगी चांगली होती, बसवून पाणी दिलं. म्हणाली, "खालचं तुम्हाला सगळं येतं. वरचं नाही. चिमणी, शिट्टी, बोलण्यातला स, श. बरीच वर्षं झाली असणार. प्रेसवाल्यांचं असंच असतं. मागचे रिपोर्ट इतके चांगले कसे तेच कळत नाही."

मी तिला सांगितलं नाही.

बाहेर किसन उभा होता, हातात तसलाच कागद. आम्ही दोघं कॅन्टीनमागे जाऊन बसलो. "आपण काय येडं हाय का रं उद्धवराव," तो म्हणाला, "म्हनं कुनालाच ऐकू येत न्हाई." मग हसायला लागला, आणि मग हसला नाही.

मंगळवार, २१ जानेवारी

आजपासून स्टोअरला. शांतता आहे तिथे, ती सहन होत नाही.

घरी येऊन लॅपटॉप उघडला आणि त्या लाल पट्ट्यांकडे बघत बसलो. बारापटीच्या वर थेट तीसपटीपर्यंत. बरोबर तिथे, जिथे माझी रेघ विहिरीत पडते. मला ऐकू येईनात म्हणून मी ते वाढवत गेलो, लाल होईपर्यंत. म्हणजे बाकीच्या जगाला काय ऐकू गेलं असेल? पुनमचं बाळ. बसमधली पोरं. कुकरची शिट्टी तर सावित्रीला लातूरला ऐकू येत होती. शरमेने कान तापले. निदान तापतात तरी.

खाली जाऊन पुनमला सांगितलं, चूक माझी होती, बाळाच्या दातांची नाही. तिने चहा विचारला. मी नको म्हणून वर आलो. का नको म्हणालो कोण जाणे.

पण खरं खुपतंय ते वेगळंच. त्या कर्कश आवाजात स्वरूपाने पाळणा ओळखला कसा? की नाहीच ओळखला? आईला विचारलं असेल, आणि बापाला बरं वाटावं म्हणून बोलली असेल. बटण दाबायला ती माझ्याकडूनच शिकली असेल.

बुधवार, २२ जानेवारी

झोप नीट झाली नाही. सकाळी अंघोळ करताना सुचलं आणि तसाच उभा राहिलो, बादली भरून वाहेपर्यंत.

पोरीचा आवाज. त्याचा वरचा भाग मला येत नाही. किती वर्षं येत नसेल? दहा? ती पहिलीत होती तेव्हापासून? मला जो येतो तो अर्धा, आणि उरलेला मी मनाने भरतो. तिच्या प्रकल्पातल्यासारखाच. लातूरला जायचं ठरलं तेव्हा ती 'बरं' म्हणाली, ते कशा सुरात म्हणाली होती? मला आठवतं त्या 'बरं'मध्ये आनंद होता. तो तिने घातला होता की मी, ते आता सांगता येत नाही. मला वाटतं मीच.

जिला डॉक्टर व्हायचंय ती स्वरूपाही मीच भरून काढलेली असेल.

गुरुवार, २३ जानेवारी

सकाळी साडेसहालाच फोन लावला, ती क्लासला निघायच्या आधी. तिनेच उचलला.

"पप्पा? काय झालं?"

"खरं सांग. माझ्या फाईलमध्ये तुला पाळणा ऐकू आला होता का?"

ती म्हणाली, "आधी नाही. नुसतं किंचाळल्यासारखं होतं. मी फोन टाकून दिला हातातून."

"मग?"

"मग मैत्रिणीच्या लॅपटॉपवर ते सॉफ्टवेअर घेतलं. तुमची फाईल उघडली. वरचं सगळं लाल होतं, ते एकेक करून खाली आणलं. तुम्ही ते किती सुरांना केलंय पप्पा! दुपार गेली त्यात. मग खालून आला पाळणा."

म्हणजे क्लास बुडवून ती माझंच ऐकत बसली होती, आणि मी इथे रुसून भात खात होतो.

"तुला तेव्हाच कळलं असेल," मी म्हणालो. "माझ्या कानांचं."

"हं."

"बोलली नाहीस."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

मी तिला कागदावरच्या रेघेचं सांगितलं, स्टोअरचं सांगितलं. एकोणीस वर्षांच्या खांद्याचंही सांगितलं, ते सांगताना फार लाज वाटली. ती ऐकत होती. मग मी विचारलं, "स्वरूपा, तुला तिथे राहायचंय का?"

ती काहीतरी म्हणाली. हळू, भरभर, ती नेहमी बोलते तसं. मागे सावित्री असणार, म्हणून. मी यापूर्वी अशा वेळी हं म्हणायचो आणि पुढे जायचो.

"मला कमी ऐकू येतं," मी म्हणालो. एवढं एक वाक्य आयुष्यात पहिल्यांदा बोललो. "मोठ्याने सांग."

"मला नाही राहायचं इथे," ती म्हणाली.

"अजून मोठ्याने."

"मला इथे नाही राहायचं! मला डॉक्टर नाही व्हायचं, पप्पा, मला घरी यायचंय!" मागून सावित्रीचा आवाज आला, काय झालं, कुणाशी वरडतीस म्हणून. स्वरूपाने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. तिने तेच पुन्हा सांगितलं, आणि मग आणखी एकदा. मला पहिल्याच वेळी कळलं होतं. तरी मी तिला थांबवलं नाही.

मग ती रडायला लागली. रडणं खालच्या सुरात असतं. ते मला सगळं ऐकू आलं.